उद्घाटन न झालेला टीव्ही

"अहो टीव्ही, आवाज वाढवा की जरा," ईश्वरी म्हणाली.

मी आवाज वाढवला.

टीव्ही मी होतो. खरा टीव्ही माझ्या डोक्यावर दोन फुटांवर भिंतीला टांगलेला होता. पंचावन्न इंची, फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेला, वरून लाल फीत. मी त्याच्या रिकाम्या खोक्यामागे होतो. टेबलावर खोकं उभं, त्याच्या मागे स्टूल, स्टुलावर मी आणि माझ्या मांडीवर टीव्हीबरोबर आलेली पुस्तिका. टीव्ही चालू झाल्यावर तो कुठल्या पाठात काय बोलणार आहे, ते सगळं तिच्यात छापलेलं होतं. शिक्षकानं काय काय व्हावं हे आम्हाला डी.एड.ला शिकवलं होतं. मित्र व्हावं, मार्गदर्शक व्हावं. उपकरण व्हावं असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

"आता आपण परिसराचा नकाशा पाहू," मी टीव्हीच्या आवाजात वाचलं. टीव्हीचा आवाज म्हणजे माझाच, थोडा नाकातून. "चित्रात शाळा दिसत आहे. शाळेच्या उजव्या बाजूला काय आहे, बरं?"

"उजव्या म्हंजे कुणाच्या?" ईश्वरीनं विचारलं. "तुमच्या का आमच्या?"

पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. पुस्तिकेत 'शाब्बास, रेल्वे स्टेशन' असं होतं. आमच्यापासून रेल्वे स्टेशन साठ किलोमीटर होतं, कुठल्याही बाजूनं मोजलं तरी.

"तुम्ही फळ्यावर काय काढलंय?" मी विचारलं. "मला दिसत नाही."

"शाळा काढली, वढा काढला. विराजनं म्हस काढली."

"म्हैस का?"

"तिथं हाय म्हणून," विराज म्हणाला.

ही ईश्वरी हाक्के, इयत्ता तिसरी, घरी मेंढरांचा कळप. जून ते जानेवारी, माझ्या वर्गात एक शब्द बोलली नव्हती. प्रश्न विचारला की ती माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघायची. वही स्वच्छ, पेपर बरे, तोंड बंद. आणि जानेवारीत मी खोक्यामागे जाऊन बसलो त्या दिवसापासून तिची टकळी सुरू. मी पुढे आलो की गप्प, मागे गेलो की सुरू. मी समजत होतो, तिला टीव्हीची आवड आहे.

पोरांनी एक नियम आपसूकच ठरवून टाकला होता: मी खोक्यामागे असलो की सर शाळेत नसतात. एकदा कुणाची तरी आई डबा द्यायला आली आणि तिनं "सर कुठं हायती?" असं विचारलं. "सर रजेवर," असं सगळा वर्ग म्हणाला. मी तीन फुटांवर होतो. ती माउली डबा ठेवून टीव्हीला नमस्कार करून गेली.

हे सगळं का चाललं होतं ते सांगतो. टीव्ही दिवाळीत आला. तो सुरू करायचा तर आधी उद्घाटन हवं, आणि उद्घाटन करणार होते तालुक्याचे एक मोठे साहेब. त्यांची तारीख चार वेळा मिळाली आणि चार वेळा गेली. तोवर टीव्हीला हात लावायचा नाही, असं गोरड गुरुजींनी ठरवलं. गोरड गुरुजी आमचे मुख्याध्यापक. ते पहिली-दुसरी शिकवायचे, मी तिसरी-चौथी. शिक्षक एवढे दोनच. गुरुजींच्या निवृत्तीला चौदा महिने होते आणि डेडस्टॉकच्या रजिस्टरात चढलेली एकही वस्तू आपल्या हातून बिघडू नये, एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती. टीव्ही रजिस्टरात चढला होता. फीत चढली होती. खोकंही चढलं होतं.

"गुरुजी, खोक्याला दोन भोकं पाडतो," मी एकदा म्हणालो होतो. "मला पोरं तरी दिसतील."

"आणि ऑडिटला मी काय लिहून देऊ, ताटे? टीव्हीला बाहेरचं दिसावं म्हणून?"

खोक्यामागे बसायची कल्पनाही त्यांचीच. साहेब कधीही येतील, तेव्हा टीव्हीनं प्रश्न विचारला आणि पोरं बावरून गप्प बसली तर शाळेची लाज जाईल, म्हणून पोरांना आधीपासून सवय लावायची. माणूस अत्यंत प्रामाणिक. दर शनिवारी मोबाइलवरून अहवाल भरावा लागे: डिजिटल साधनाद्वारे अध्यापन किती तास? शून्य लिहिलं की तालुक्यातून फोन येई. खोटं लिहिणं गुरुजींना जमेना. शेवटी ते लिहू लागले: 'साधनाच्या सान्निध्यात अठरा तास.'

मी हे सगळं मुकाट सहन करत होतो, कारण एप्रिलच्या तीस तारखेला माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपत होती. सेवा समाधानकारक असल्याचा दाखला मिळाला तर मी कायम होणार, नाही मिळाला तर पुन्हा लटकणार. दाखला द्यायच्या होत्या विस्तार अधिकारी कुलथे मॅडम. आणि त्यांच्या फॉर्मवर बारा रकान्यांतला सातवा होता: तंत्रज्ञानाचा वापर.

त्या सकाळी म्हशीचं चाललं असताना गुरुजी दारात आले. मला दिसले नाहीत, पण त्यांची चप्पल ओळखू येते.

"टीव्ही बंद करा," ते पोरांना म्हणाले. ईश्वरीनं डस्टर माझ्या दिशेनं दाबलं. तो रिमोट होता. मी बंद झालो आणि बाहेर आलो.

"ताटे, आज उद्घाटन. साहेब येत नाहीत, व्हिडिओ कॉलवरून करणार आहेत. बाराला. कुलथे मॅडम निघाल्यात. तुमचा पाठही आजच बघणार."

"बरं झालं. मग टीव्ही एकदा लावून बघू? चालतो का नाही तेवढं."

"उद्घाटनाआधी?"

"गुरुजी, बिघडलेला निघाला तर?"

"तर उद्घाटनानंतर बिघडलेला निघू दे. रीतसर."

पुढची अडचण अशी की मोबाइलला रेंज फक्त झेंड्याच्या कट्ट्यावर यायची आणि टीव्ही वर्गात. साहेब फीत कापताना दिसले पाहिजेत, निदान फीत तरी साहेबांना दिसली पाहिजे. गुरुजींनी अर्धा तास विचार केला आणि फितीच्या टोकाला सुतळी बांधली. सुतळी खिडकीतून बाहेर, चिंचेला एक वळसा, तिथून झेंड्याच्या खांबापर्यंत. तिथं परत एक वीतभर लाल फीत.

"इथं कापली की तिथं सुटेल," गुरुजी म्हणाले.

"सुटणार नाही, गुरुजी. ढिली पडेल फक्त."

"ढिली पडली की तुम्ही आत जाऊन सोडा. पण पळत जा. फार वेळ जाता कामा नये."

कुलथे मॅडम साडेअकराला स्कूटीवरून आल्या. पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल, गळ्यात चष्म्याची दोरी. अठरा शाळा होत्या त्यांच्याकडे. त्यांनी सुतळी पाहिली. चिंच पाहिली. पर्समधून डोकेदुखीची गोळी काढून घेतली आणि मला म्हणाल्या, "ताटे तुम्हीच का? आज तुमचंही आटपून टाकू. मला अजून दोन शाळा आहेत."

बाराला लागायचा फोन पाऊणला लागला. गुरुजींनी मोबाइल खांबाला टेकवून ठेवला. साहेब कुठल्यातरी गाडीत बसलेले होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, आजचा विद्यार्थी हा उद्याचा. मग म्हणाले, या डिजिटल साधनाचं उद्घाटन. आणि तोंड उघडं ठेवून थांबले.

आम्हीही थांबलो. मॅडम कात्री घेऊन उभ्या. गुरुजी हात जोडून. साहेबांच्या मागची खिडकीसुद्धा थांबली होती.

"रेंज गेली," मी म्हणालो.

"येईल," गुरुजी हात जोडूनच म्हणाले.

ती आली नाही. सात-आठ मिनिटांनी साहेबांचं तोंडही गेलं आणि तिथे नुसता गोल फिरू लागला. गुरुजींनी हात खाली घेतले.

"मॅडम, कापा फीत," मी म्हणालो. "झालं उद्घाटन."

"झालं असं साहेब म्हणाले नाहीत," गुरुजी म्हणाले. "'उद्घाटन' इथपर्यंत आलं. करतो म्हणाले, का पुढं ढकलतो म्हणाले, कुणी ऐकलं?"

"गुरुजी, ते पुढं ढकलायला फोन करतील का?"

"चार वेळा केलाय."

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी कात्री मिटवली.

"ताटे, मागच्या वर्षी एका गावात शाळेच्या पाण्याची टाकी होती," त्या म्हणाल्या. "उद्घाटन राहिलेलं. ऐन उन्हाळा होता. मी म्हटलं, भरा. भरली, पोरं पाणी प्यायली. मला तीन पानी खुलासा द्यावा लागला. टाकीत पाणी का आढळलं, याचा. मी कापणार नाही."

"मग माझा पाठ?"

"तोच तर प्रश्न आहे. सातव्या रकान्यात मी काय लिहू? तंत्रज्ञान चादरीत आहे?"

फोन पुन्हा लावला, लागला नाही. साहेबांच्या माणसाला लावला, तो म्हणाला, साहेब बोगद्यात आहेत. आमच्या तालुक्यात बोगदा नाही.

तीस तारखेला पाच दिवस होते. मॅडम पुन्हा येणार थेट सुट्टीनंतर, जूनमध्ये. रकाना रिकामा गेला तर दाखला नाही. मी हे मनातल्या मनात मोजत असताना विराज मॅडमच्या ओढणीला धरून म्हणाला, "म्याडम, आमचा टीव्ही बघा की. त्यो चालू हाय."

"कुठला टीव्ही, बाळा?"

"खोक्याचा."

मी म्हणालो, "ते काही नाही मॅडम, सराव असतो मुलांचा."

"कसला सराव?"

गुरुजी खोटं बोलत नसत, हे मी सांगितलंच. त्यांनी सगळं सांगितलं. सान्निध्यासकट. मॅडम ऐकत राहिल्या आणि शेवटी त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे, मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदाच नीट बघितलं.

"जा आत," त्या म्हणाल्या.

"मॅडम, खरंच नको."

"ताटे, मी आल्यापासून खांबाला टेकवलेला फोन बघतेय. जा."

मी डी.एड.ला जिल्ह्यात पाचवा आलो होतो. मी जाऊन खोक्यामागे बसलो.

बाकं सरकली. मॅडम मागे बसल्या असाव्यात. ईश्वरीचं डस्टर टेबलावर आपटलेलं ऐकू आलं आणि मी चालू झालो.

"आता आपण परिसराचा नकाशा पाहू. फळ्यावर काय काय आहे?"

"सकाळचंच हाय. म्हस पुसली, पावनं आल्यात म्हणून."

"शाळा कुठे आहे?"

"वढ्याच्या अल्याड."

"अलीकडे म्हणजे रस्त्याच्या बाजूला?"

"व्हय. न्हाई, थांबा." ही ईश्वरी. "रस्ता आपुन काढलाच न्हाई. विराज, रस्ता काढ की."

खडूचा आवाज झाला. मग आणखी एक खडूचा आवाज, ठाम, मोठ्या माणसाचा. मग पोरं खिदळली.

"टीव्ही," मॅडमचा आवाज फळ्यापाशी होता. "फळ्यावर आता काय झालं?"

"मला दिसत नाही," मी म्हणालो. "कुणीतरी सांगा."

"म्याडमनी शाळा उचलून वढ्याच्या पल्याड ठिवली," ईश्वरी म्हणाली.

पुस्तिकेत हे नव्हतं. मी पुस्तिका मिटली.

"मग आता शाळेत यायचं कसं?" मी विचारलं.

मला खरोखरच माहीत नव्हतं. पुढची वीस मिनिटं वर्गात जे झालं त्याला पाठ म्हणतात का, ते मी आजही सांगू शकत नाही. कुणी म्हणालं, दगड टाकू. कुणी म्हणालं, टायर बांधू. चौथीतल्या एकानं पूल काढला, तर ईश्वरीनं त्याला विचारलं, तुझा पूल कुठल्या वाटंला लागतोय, तिकडं तर आमच्या आज्ज्याची विहीर हाय. मी विचारलं, विहीर ओढ्यापासून किती लांब. ती उठून वर्गात चालत गेली आणि तिनं पावलं मोजून मला सांगितली. मग विराज म्हणाला की काहीच करू नका, पावसाळ्यात सुट्टी मिळंल. यावर मतदान झालं. विराज जिंकला.

"बंद करा," मॅडम म्हणाल्या.

डस्टर दाबलं गेलं. मी गप्प झालो, पण उठलो नाही. मॅडम ईश्वरीपाशी गेल्या होत्या.

"बाळ, रोज अशीच बोलतेस तू?"

"टीव्हीसंगं बोलती."

"आणि सरांशी?"

बाकाचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला.

"का गं? सर मारतात?"

"न्हाई वो. सर चांगलं हायती."

"मग?"

मी बंद असल्यामुळे मला मध्ये बोलता येईना.

"सर इचारत्यात त्ये त्येन्ला आधीच ठावं असतंय," ती म्हणाली. "आमचं चुकतंय का बगाय इचारत्यात. टीव्हीला काय ठावं नसतंय. त्येला सांगाय लागतंय, न्हाईतर त्येचं आडतंय."

घंटा झाली, पोरं खिचडीला पळाली. मी खोक्यामागून बाहेर आलो तेव्हा मॅडम पहिल्या बाकावर बसून फॉर्म भरत होत्या. गुडघे बाकाबाहेर.

"ऐकलंत?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"हो."

"पोरगी म्हणते ते खरं आहे का? बाहेर असता तेव्हा असं विचारत नाही तुम्ही?"

मला सांगता आलं असतं की विचारतो. पाच दिवस उरले होते. पण दारात गोरड गुरुजी उभे होते आणि त्या माणसासमोर खोटं बोलायची सोय नसते.

"नाही," मी म्हणालो. "बाहेर मला सगळं येतं."

त्यांनी मान हलवली, लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि कागद मला दिला. त्यावर लिहिलं होतं: 'खोक्यामागे कामकाज समाधानकारक. खोक्यासमोर पाहणे बाकी. सहा महिने मुदतवाढ द्यावी.'

"मॅडम, असं लिहितात का दाखल्यावर?"

"मी जे बघितलं ते लिहिलं."

"वरून विचारतील, खोकं म्हणजे काय."

"विचारू दे. मी तीन पानी खुलासा देईन. सवय आहे." त्यांनी डोक्याला रुमाल बांधला. "ऑक्टोबरात येते. तुम्ही बाहेर बसलेले असाल."

वरून खरंच विचारलं. खोकं हे पद मंजूर आकृतिबंधात आहे काय, असं पत्र आलं. टीव्हीचं उद्घाटन पुढे ऑगस्टात झालं, चांगला चालला, चित्र स्वच्छ. पोरांनी त्याला मध्येच थांबा म्हणून सांगितलं, तो थांबला नाही, तेव्हा विराज खुर्चीवर चढून त्याच्यामागे कोण बसलंय ते बघून आला. पण ते नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघालो तो एसटीत बसल्यापासून एकच गोष्ट शोधत होतो. तिसरीच्या वर्गात विचारता येईल आणि मला ज्याचं उत्तर येत नाही, असा एक प्रश्न. मराठीचं पुस्तक डोळ्यांसमोर आणलं, गणित आणलं. परिसर अभ्यास पाठ होता. पंचेचाळीस मिनिटं गेली, अख्ख्या अभ्यासक्रमात मला न येणारं काही सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या हुशारीचा इतका संताप आला. फाट्यावर उतरलो तर रस्त्यावर मेंढ्या. दोन कळप एकात एक मिसळलेले, त्यांच्यामधून मी वाट काढत चाललो, पँटला लोकर.

वर्गात गेलो. खोकं भिंतीकडे तोंड करून ठेवलं. खुर्चीत बसलो. हजेरी घेतली, सगळे हजर. ईश्वरी माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत होती.

"ईश्वरी," मी म्हणालो. "आत्ता रस्त्यावर मेंढ्या बघितल्या. तुमच्या आणि दुसऱ्या कुणाच्या तरी, सगळ्या मिसळलेल्या. सगळ्या सारख्याच. त्यातली आपली कुठली, हे तुम्हाला कसं कळतं?"

तिनं आधी भिंतीकडच्या खोक्याकडे पाहिलं, त्याच्यामागे कुणी आहे का ते. मग बटणावरून नजर वर आली आणि माझ्या तोंडावर थांबली. त्यात काही लपवलंय का, हे ती बराच वेळ तपासत होती.

"तुमाला ठावं न्हाई?"

"नाही."

"खरंच?"

"आईशप्पथ."

"सारक्या कुठं असत्यात," ती म्हणाली. तिच्या आवाजात माझ्याबद्दल खरीखुरी काळजी होती. मग ती बाकावरून उठली, माझ्या टेबलावरचा खडू न विचारता घेतला आणि फळ्याकडे जाता जाता म्हणाली, "सरका जरा, सर. तुमाला पयल्यापासनं सांगाय लागंल."

मी खुर्ची सरकवली. नियोजनाच्या वहीत त्या दिवशी भागाकार होता. तो राहिला.